उपनगरातील हायस्कूल आणि शाळेची हद्द

(न्यासाच्या महोत्सवी व्याख्यानमालेत बडोदे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवी वर्षातील व्याख्यानासाठी विषय निवडण्याची मोकळीक चिटणिसांनी मला दिली, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. आयुष्यातील चौतीस वर्षे मी हायस्कुलात शिकवीत होतो. तेव्हा माझ्या तोंडून शाळेखेरीज दुसरे काही निघणार नाही, हे आपण गृहीत धरले असणारच. मात्र आज मी आपल्याला जरा दूरच्या शाळेत नेणार आहे. अमेरिकेतील शहरांभोवती जी उपनगरे पसरली आहेत, तेथील सार्वजनिक हायस्कूल हा माझा विषय आहे. आपल्यापैकी पुष्कळांची नातवंडे अशा शाळांतून शिकत आहेत. त्यांचे फोटो आणि बक्षिसांच्या वार्ता आपण एकमेकांना कौतुकाने दाखवितो. परंतु ती शाळा कोणाच्या पैशावर चालते, तिच्यात कोणाला प्रवेश मिळतो आणि कोणाला मिळत नाही, हे आपण क्वचितच विचारतो. आपला न्यास शिष्यवृत्त्या देणारा न्यास आहे, म्हणून हे विचारणे आपल्या उपयोगाचे आहे. ते कसे, हे मी शेवटी सांगेन.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे ‘पब्लिक स्कूल’ म्हटले की भरमसाट फी, टापटिपीचा गणवेश आणि डोंगरावरचे वसतिगृह डोळ्यांसमोर येते. ती इंग्लंडची रीत आहे. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ अगदी उलट, म्हणजे सरळ आहे. पब्लिक स्कूल म्हणजे लोकांच्या कराच्या पैशावर चालणारी, फी न घेणारी, त्या वस्तीतील प्रत्येक मुलाला दार उघडे असणारी शाळा. प्रवेशपरीक्षा नाही, देणगी नाही, कोणाची चिठ्ठी नाही. तुम्ही त्या हद्दीत राहता एवढे सिद्ध केले की झाले.

अशी शाळा आकाशातून पडलेली नाही. बॉस्टन शहरात 1821 साली इंग्लिश हायस्कूल निघाले, ते त्या देशातील पहिले सार्वजनिक हायस्कूल. पुढे 1827 साली मॅसॅच्युसेट्स राज्याने कायदा करून मोठ्या गावांवर हायस्कूल काढण्याची सक्ती केली. पण बराच काळ लोकांचा प्रश्न होता की प्राथमिक शाळेसाठी कर देऊ, हायस्कुलासाठी का द्यावा? ते चैनीचे शिक्षण ज्याला हवे त्याने पदरच्या पैशाने घ्यावे. मिशिगन राज्यातील कॅलामाझू गावच्या काही करदात्यांनी हाच वाद कोर्टात नेला. 1874 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की गावाने हायस्कुलासाठी कर बसविणे कायदेशीर आहे. त्यानंतर हायस्कुले झपाट्याने वाढली. 1910 साली त्या देशात अठरा वर्षांच्या शंभर मुलांत जेमतेम नऊ हायस्कूल पुरे करीत. 1940 पर्यंत हे प्रमाण शंभरात पन्नासच्या आसपास पोचले. एका पिढीच्या आत एवढी मजल कोणत्याही देशाने त्याआधी मारली नव्हती.

आता उपनगराकडे वळू. दुसऱ्या महायुद्धातून लक्षावधी शिपाई घरी परतले. त्यांच्या शिक्षणाची व घरकर्जाची सोय करणारा कायदा 1944 साली झाला होता. शहरात जागा नव्हत्या. मग बांधकाम करणाऱ्यांनी शहराबाहेरची शेते विकत घेऊन तेथे एकसारख्या घरांच्या वसाहती उभारल्या. न्यूयॉर्कजवळचे लेव्हिटटाउन हे त्यांचे ठळक उदाहरण. 1947 साली तेथे काम सुरू झाले आणि चार-पाच वर्षांत 17 हजारांवर घरे उभी राहिली. पुढे-मागे हिरवळ, दारात मोटार आणि मुलांसाठी जवळच शाळा असे ते चित्र होते. मात्र त्या चित्रात सर्वांना जागा नव्हती. लेव्हिटटाउनच्या सुरुवातीच्या करारांत गोऱ्यांखेरीज इतरांना तेथे राहू देऊ नये, असे कलमच होते. 1957 साली पेनसिल्व्हानिया राज्यातील दुसऱ्या लेव्हिटटाउनमध्ये मायर्स नावाचे पहिले काळे कुटुंब राहायला आले, तेव्हा त्यांच्या घरासमोर दिवसेंदिवस जमाव जमून दगड फेकीत होता. उपनगराच्या जन्मातच ही कुंपणाची गोष्ट आहे, एवढे ध्यानात असू द्या.

या उपनगरी हायस्कुलाचा कारभार समजून घेण्यासारखा आहे. साऱ्या देशात शाळांसाठी सुमारे 13 हजार स्वतंत्र मुलूख आखलेले आहेत. त्याला तेथे स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणतात. आपण त्याला शाळेची हद्द म्हणू. बहुतेक ठिकाणी या हद्दीतील मतदार शाळा समिती निवडून देतात. समिती मुख्य अधिकारी नेमते, अंदाजपत्रक करते. न्यूयॉर्क राज्याच्या उपनगरांत तर शाळेचे अंदाजपत्रक दर वर्षी मे महिन्यात मतदानाला टाकतात. नवे वाद्यवृंदगृह बांधावे की छप्पर दुरुस्त करावे, यावर चहाच्या टेबलापाशी कडाक्याचे वाद होतात. पैशाचा थोडा भाग केंद्र सरकारकडून, मोठा भाग राज्याकडून येतो. पण ढोबळ मानाने निम्म्याच्या आसपास रक्कम स्थानिक असते आणि तिचा मुख्य आधार घरपट्टी हाच होय. ज्यांची मुले शिकून केव्हाच दूर गेली, असे आजीआजोबासुद्धा ही पट्टी भरतात. गावची शाळा चांगली तर गावातील घराला किंमत चांगली, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

शाळेतील दिवस कसा जातो? सकाळी पिवळी बस कोपऱ्यावर येते. हा पिवळा रंगही 1939 साली कोलंबिया विद्यापीठात भरलेल्या एका परिषदेत ठरला, कारण पहाटेच्या अंधुक उजेडात तो लवकर दिसतो. नववी ते बारावी असे चार वर्ग असतात आणि एकेका हायस्कुलात हजार-दोन हजार मुले-मुली असणे नवलाचे नाही. आपल्याकडे मुले वर्गात बसतात आणि शिक्षक तास बदलतात. तेथे शिक्षक आपल्या खोलीत असतो आणि घंटा झाली की मुले खोली बदलतात. लांबच लांब बोळातून दोन्ही अंगांना लोखंडी कप्पे असतात. प्रत्येकाचा कप्पा वेगळा, कुलूप वेगळे. पाच मिनिटांत पुस्तके बदलायची आणि पुढची खोली गाठायची, ही पहिल्या वर्षाच्या मुलांची मोठीच धांदल असते.

विषय निवडण्याची मोकळीक हे या शाळेचे खास लक्षण होय. इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास यांना पर्याय नाही. पण त्यांच्या जोडीला कोणी सुतारकाम घेतो, कोणी मोटारदुरुस्ती, कोणी स्पॅनिश भाषा, कोणी चित्रकला. प्रत्येक विषयाला ठरावीक गुणांक असतो आणि ते गुणांक पुरे झाले की हायस्कूल उत्तीर्ण. ही मोजणीची पद्धत 1906 सालापासून रूढ होत गेली. कोणता विषय घ्यावा, पुढे काय करावे, हे सांगायला वेगळे मार्गदर्शक नेमलेले असतात. आपल्याकडे हे काम शेजारचे काका करतात आणि ते सर्वांना इंजिनियरच व्हायला सांगतात!

1918 साली तेथील शिक्षणतज्ज्ञांच्या एका मंडळाने हायस्कुलाची सात उद्दिष्टे मांडली होती. आरोग्य, वाचन-लेखन-गणिताची मूलभूत कौशल्ये, चांगले गृहजीवन, व्यवसाय, नागरिकत्व, फुरसतीचा सदुपयोग आणि सदाचार अशी ती उद्दिष्टे होत. यांतील फुरसतीचा सदुपयोग मला फार विचार करण्याजोगा वाटतो. आपल्याकडे फुरसत म्हणजे अभ्यासातून चोरलेला वेळ. तेथे दुपारी शेवटची घंटा झाल्यावर शाळेचा दुसरा दिवस सुरू होतो. वाद्यवृंद, नाटक, वादसभा, बुद्धिबळ, विद्यार्थी मंडळ, वार्षिक अंक, बातमीपत्र आणि खेळ! हेमंतात शुक्रवारी रात्री फुटबॉलचा सामना असतो. हा त्यांचा फुटबॉल म्हणजे हाताने चेंडू पळविण्याचा खेळ. सामन्याला अर्धे गाव येते. वाद्यवृंद मैदानावर कवायत करतो. वर्षाच्या शेवटी प्रॉम नावाचा नृत्याचा समारंभ होतो, आणि मग झगे व चौकोनी टोप्या घालून पदवीदान. आपल्या गॅदरिंगची हौस, क्रीडामहोत्सवाची ईर्षा आणि निरोपसमारंभाचे अश्रू, सारे एकत्र केले तर त्याची कल्पना येईल.

माझी नात न्यू जर्सीतील एका उपनगरात अशाच शाळेत आहे. तिच्या मैत्रिणींत एक तेलुगू, एक कोरियन आणि एक तेथलीच. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि वाद्यवृंदात ती सनई-घराण्यातले क्लॅरिनेट वाजविते. “आजोबा, मला कोणी रँक विचारत नाही, कुठल्या क्लबात आहेस ते विचारतात,” असे ती मला फोनवर सांगते, तेव्हा माझ्यातील जुन्या मास्तराला थोडा धक्का बसतो आणि थोडे बरेही वाटते.

या शाळेचे दार हळूहळू रुंद होत गेले, हेही सांगितले पाहिजे. वंशभेदावर वेगळ्या शाळा ठेवणे घटनाबाह्य आहे, असा निकाल 1954 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला. 1972 च्या कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलगी म्हणून भेदभाव करण्यास बंदी झाली. त्याआधी साऱ्या देशात हायस्कुलांच्या खेळांत उतरणाऱ्या मुली तीन लाखांच्या आत होत्या. पुढे ती संख्या तीस लाखांवर गेली. 1975 साली अपंग मुलांना सार्वजनिक शाळेत योग्य शिक्षण मिळण्याचा हक्क कायद्याने मिळाला. आणि 1982 साली न्यायालयाने सांगितले की ज्या मुलांच्या आईबापांकडे देशात राहण्याचे कागद नाहीत, त्या मुलांनाही मोफत शाळा नाकारता येणार नाही. मूल हे मूल आहे, त्याच्या बापाच्या कागदांशी शाळेचा संबंध नाही, असे हे तत्त्व आहे.

तथापि केवळ गोडवे गाणे हे शिक्षकाचे काम नव्हे. या विद्यार्थीजीवनाला काळी बाजूही आहे. जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाने इलिनॉय राज्यातील काही हायस्कुलांचा अभ्यास करून 1961 साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलांच्या मनात मान कोणाला, हे त्याने शोधले. उत्तर असे निघाले की हुशार विद्यार्थ्यापेक्षा खेळाडूला आणि लोकप्रिय मुलाला मान अधिक. हजार-दोन हजार तरुण मुले दिवसभर एकत्र ठेवली की त्यांचे एक स्वतंत्र जगच तयार होते. त्याचे राजे वेगळे, त्याचे बहिष्कृतही वेगळे. जो मैदानावर चमकत नाही, ज्याला जेवणाच्या टेबलावर कोणी बसायला बोलावीत नाही, त्याचे दिवस फार कठीण जातात.

दुसरा प्रश्न मोकळेपणाच्या मर्यादेचा. सेंट लुई शहराच्या उपनगरातील हेझलवुड ईस्ट हायस्कुलात 1983 साली एक प्रकरण घडले. तेथील मुले वर्गाचा भाग म्हणून बातमीपत्र काढीत. शाळेतील मुलींचे गरोदरपण आणि आईबापांच्या घटस्फोटाचा मुलांवर होणारा परिणाम, असे दोन लेख त्यांनी लिहिले. मुख्याध्यापकांनी ती पानेच काढून टाकली. मुले कोर्टात गेली आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. 1988 साली निकाल शाळेच्या बाजूने लागला. अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या बातमीपत्रावर शैक्षणिक कारणासाठी शाळेला नियंत्रण ठेवता येते, असे न्यायालयाने ठरविले. मुख्याध्यापकांची अडचण मी जाणतो. त्या खुर्चीजवळ मी पुष्कळ वर्षे वावरलो आहे. पण नागरिकत्व शिकविणाऱ्या शाळेत मुलांनी प्रश्न मांडायचा कोठे, हा मुलांचा सवालही खोटा नव्हता.

आणि 20 एप्रिल 1999 हा दिवस तर कोणी विसरणार नाही. कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरजवळच्या उपनगरातील कोलंबाइन हायस्कुलात तेथल्याच दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार करून 12 विद्यार्थ्यांना व एका शिक्षकाला ठार केले. सुखवस्तू वस्ती, साधनसंपन्न शाळा. तरीही हे घडले. तेव्हापासून तेथील मुले आगीच्या कवायतीसारखी गोळीबाराची कवायत करतात. दिवे बंद करून, दाराला कडी घालून कोपऱ्यात गप्प बसायची कवायत! आपल्या नातवंडांनी हे आपल्याला सहसा सांगितलेले नसते. कधी तरी विचारून पाहा.

परंतु माझ्या मते या शाळेचा सर्वांत मोठा दोष तिच्या इमारतीत शोधून सापडणार नाही. तो नकाशावर आहे. जी हद्द शाळेला पैसा देते, तीच हद्द बाहेरच्या मुलाला अडविते. हार्वर्ड विद्यापीठाचे माजी अध्यक्ष जेम्स कोनंट हे सार्वजनिक हायस्कुलाचे मोठे पुरस्कर्ते होते. गावातील सर्व थरांतील मुले एका छपराखाली शिकावीत, असे त्यांनी 1959 च्या अहवालात आग्रहाने मांडले. दोनच वर्षांनी, 1961 साली, त्यांनी दुसरे पुस्तक लिहिले आणि त्यात दाखवून दिले की श्रीमंत उपनगरातील शाळा दर मुलामागे वर्षाला हजार डॉलरपर्यंत खर्च करते, तर मोठ्या शहरातील गरीब वस्तीच्या शाळेला त्याच्या निम्मेसुद्धा मिळत नाहीत.

याचे एक उदाहरण आकड्यांनिशी सांगतो, कारण ते न्यायालयाच्या निकालपत्रातच नोंदलेले आहे. टेक्सस राज्यात सॅन अँटोनियो नावाचे शहर आहे. त्याच्या परिसरात एजवुड नावाची शाळेची एक हद्द, आणि अ‍ॅलामो हाइट्स नावाची दुसरी. एजवुडमध्ये कष्टकऱ्यांची वस्ती. शंभरांतील नव्वद मुले मेक्सिकन वंशाची. अ‍ॅलामो हाइट्स हे खाऊनपिऊन सुखी लोकांचे उपनगर. 1967-68 या वर्षी एजवुडमध्ये दर मुलामागे सर्व मार्गांनी मिळून 356 डॉलर जमत. अ‍ॅलामो हाइट्समध्ये 594.

यावर कोणी म्हणेल की एजवुडच्या लोकांना शाळेची कळकळ कमी असेल, ते कर देत नसतील. वस्तुस्थिती उलट होती. एजवुडचे लोक दर शंभर डॉलर मालमत्तेवर 1 डॉलर 5 सेंट कर भरीत. अ‍ॅलामो हाइट्सचे लोक 85 सेंट. गरिबांनी दर जास्त लावून घेतला होता. पण घरेच स्वस्त असतील तर पट्टीतून येणार किती? एजवुडमध्ये एका मुलामागे मालमत्ता 5,960 डॉलरची, अ‍ॅलामो हाइट्समध्ये 49 हजारांवर. राज्याच्या योजनेत भरावयाचा वाटा वजा जाता एजवुडच्या घरपट्टीतून मुलामागे 26 डॉलर हाती उरत, तर अ‍ॅलामो हाइट्समध्ये 333.

ही विषमता प्रथम कोणी चव्हाट्यावर आणली? मुलांनी. मे 1968 मध्ये एजवुड हायस्कुलातील सुमारे चारशे विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले आणि अधिकाऱ्यांच्या कचेरीवर चालत गेले. मागण्या काय होत्या? पडक्या इमारतींची दुरुस्ती करा, पात्र शिक्षक द्या. मुलांनी संप करून जास्त शिक्षण मागितले, हे ऐकून आपल्यातील शिक्षकांना हेवा वाटेल! त्यांच्यामागोमाग त्यांचे पालक उठले. डेमेट्रिओ रॉड्रिगेझ नावाचे, पूर्वी लष्करी सेवा केलेले, हवाई दलाच्या तळावर पत्र्याचे काम करणारे गृहस्थ पुढे झाले आणि त्याच उन्हाळ्यात दावा दाखल झाला. खालच्या न्यायालयात पालक जिंकले. पण मार्च 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल फिरविला. शिक्षण हा देशाच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नव्हे आणि घरपट्टीवर आधारलेली ही पद्धत घटनाबाह्य म्हणता येत नाही, असे बहुमताने ठरले. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी त्याला तीव्र विरोध नोंदविला.

एजवुडच्या लोकांनी हार मानली नाही. त्यांनी पुढे राज्याच्या न्यायालयात राज्याच्या घटनेचा आधार घेतला आणि 1989 साली टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. 1993 साली कायदा झाला आणि श्रीमंत हद्दींच्या घरपट्टीतील काही भाग गरीब हद्दींच्या शाळांकडे वळू लागला. म्हणजे चारशे मुलांनी वर्ग सोडला तेथून हद्दीला पहिली फट पडायला पंचवीस वर्षे लागली. ती मुले तोवर चाळिशीच्या घरात पोचली होती. शाळेच्या बाबतीत उशिराने मिळालेला न्याय पुढच्याच्या कामी येतो; ज्याने मागितला त्याचे वर्ष निघून गेलेले असते.

बंधुभगिनींनो, आता आपण बडोद्यात परत येऊ. आपल्या शहराला या बाबतीत सांगण्यासारखा वारसा आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि 1906 साली तो साऱ्या संस्थानाला लागू केला. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली आणि 1910 साली तेथील बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बडोद्यास आणून गावोगावी वाचनालये काढविली. परदेशातले काय घ्यावे, याची दृष्टी त्यांना होती.

आणि एक शिष्यवृत्ती तर आपण सर्व जाणतोच. भीमराव आंबेडकर हा विद्यार्थी बडोद्याचा नव्हता. महू येथे जन्मलेला, मूळचा कोकणातला, मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूल या सरकारी शाळेतून 1907 साली मॅट्रिक झालेला. जातीने, गावाने, सगळ्याच कुंपणांच्या बाहेरचा. सयाजीराव महाराजांनी त्यांना महाविद्यालयीन शिक्षणाला साहाय्य केले आणि 1913 साली शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. त्या पैशाचे फळ साऱ्या देशाला मिळाले. महाराजांनी अर्जावर फक्त ‘बडोदे संस्थानातील रहिवासी’ एवढाच रकाना पाहिला असता तर?

आज आपल्या देशात 2009 च्या कायद्याने, 1 एप्रिल 2010 पासून, सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शेजारच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणजे आठवीपर्यंत. हायस्कुलाची खरी वर्षे, नववी ते बारावी, या हक्काच्या पलीकडे पडतात. सरकारच्या काही सवलती आहेत, शिष्यवृत्त्या आहेत; पण मुलगा-मुलगी शाळा सोडते ती बहुधा येथेच. फी, वह्या, शिकवणी, बसचा पास, आणि घरात आणखी दोन हातांची कमाई हवी असते. आठवीनंतर गळालेली मुले मी वर्गात मोजली आहेत. पट वाचताना एखाद्या नावाला उत्तर येत नाही, आणि दोन दिवसांनी तो मुलगा चहाच्या गाडीवर पेले विसळताना दिसतो.

आपला न्यास नेमका याच वयाच्या मुलांना मदत करतो, ही त्याची पुण्याई आहे. आपल्या पूर्वसूरींनी ठेवपावत्यांच्या व्याजातून पै-पैसा वाचवून ही शिष्यवृत्ती चालविली. परंतु आपल्या अर्जातला पहिला रकाना विद्यार्थ्याच्या गरजेचा नाही, तो समाजाचा आहे. ही आपली शाळेची हद्द. अ‍ॅलामो हाइट्सच्या लोकांना आपण नावे ठेवू शकतो. पण तेही बिचारे आपल्या घरच्या मुलांसाठीच पट्टी भरीत होते. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. हेतू चांगला असूनही हद्द अन्याय करू शकते, हेच त्या कथेचे सार आहे.

कार्यकारिणीपुढे सध्या एक सूचना आहे. महोत्सवी निधीतून मिळणारी नवी शिष्यवृत्ती न्यासाच्या कार्यालयाच्या परिसरातील, नववी ते बारावीत शिकणाऱ्या कोणत्याही गरजू मुलाला किंवा मुलीला द्यावी, मग त्याचे आडनाव व मातृभाषा काहीही असो. या सूचनेवर सभासदांत मतभेद आहेत, हे मला माहीत आहे आणि विरोध करणारे माझे स्नेहीच आहेत. त्यांचे म्हणणे मी हलके मानीत नाही. ते म्हणतात की निधी तुटपुंजा आहे, आधी घरचे पाहावे. ते असेही म्हणतात की देणगीदारांनी ज्या हेतूने पैसा दिला तो हेतू मोडू नये. दुसरी गोष्ट तर मला पूर्णपणे मान्य आहे. जुन्या देणग्या दात्यांच्या इच्छेप्रमाणेच चालल्या पाहिजेत. त्यांना कोणी हात लावू नये. प्रश्न फक्त नव्या निधीचा आहे, जो आपण या वर्षी, आपल्या हाताने, आपल्या विचाराने उभा करणार आहोत.

आणि ‘आधी घरचे’ याविषयी एवढेच सांगतो. आपल्या समाजातील नववीत गळणारे मूल आज, परमेश्वराच्या कृपेने व आपल्या वडीलधाऱ्यांच्या कष्टाने, विरळा झाले आहे. गेली काही वर्षे आपल्याकडे अर्ज कमी येतात, हे चिटणिसांच्या अहवालातच आहे. आपली मुले पुढे गेली, काही तर न्यू जर्सीच्या उपनगरात पोचली, आणि तेथील परक्या करदात्यांच्या घरपट्टीवर चालणाऱ्या शाळेत आपली नातवंडे आज फुकट शिकत आहेत. तेथे त्यांना कोणी आडनाव विचारले नाही. आपले पूर्वज या शहरात आले तेव्हा तेही बाहेरचेच होते. या गुजराती शहराने त्यांना घर दिले, शेजार दिला, काम दिले. मग कार्यालयाच्या मागच्या गल्लीत पेले विसळणारा मुलगा आपल्या हद्दीबाहेरचा कसा?

अमेरिकेच्या हायस्कुलाकडून घ्यावयाच्या दोन गोष्टी मी आपल्यापुढे ठेवल्या. एक, ज्यांची मुले शाळेत नाहीत त्यांनीही शाळेसाठी पैसा द्यायचा असतो, कारण शाळा साऱ्या वस्तीची असते. दुसरी, ती वस्ती कोठे संपते हे आखताना हात जरा सैल सोडावा. पहिली गोष्ट आपण जाणतोच. आपला न्यास तिच्यावरच उभा आहे. दुसरीचा निर्णय येत्या सर्वसाधारण सभेत आपण सर्वांनी घ्यायचा आहे. अनुकूल किंवा प्रतिकूल, आपण जे मत द्याल ते विचारपूर्वक द्यावे, एवढी माझी विनंती.

मला आपण शांतपणे ऐकून घेतलेत. चौतीस वर्षांत इतका शांत वर्ग मला क्वचितच लाभला.